दापोलीचा प्लॉट विकून अल्बानियात फ्लॅट?

ताई, नमस्कार. आम्ही ठाण्याचे. आमचे हे दोन वर्षांत रिटायर होतील. मुलगी-जावई जर्मनीत श्टुटगार्टला असतात. गेल्या उन्हाळ्यात ती दोघं अल्बानियाला फिरून आली आणि तिथले फोटो पाहून हे हरखून गेले. पुढे एका हॉटेलात परदेशी प्रॉपर्टीचं प्रदर्शन होतं. तिथे सारांदा नावाच्या गावात, समुद्रासमोर, वन बीएचके ७८,००० युरोला दाखवला. इमारत अजून उभी राहायची आहे. ३० टक्के आत्ता, बाकी हप्त्यांनी, ताबा २०२८ मध्ये आणि त्यानंतर तीन वर्षं ८ टक्के भाड्याची हमी. पैशासाठी दापोलीचा एनए प्लॉट काढायचा, असा यांचा बेत आहे. प्लॉट २०१० मध्ये घेतला. शेजाऱ्याशी हद्दीचा वाद आहे आणि मूळ मालकाच्या भावकीतलं कुणी ना कुणी अधूनमधून उगवतं. हे म्हणतात, "कोकणातली कटकट नको, युरोपात कागद स्वच्छ असतात." ५०,००० रुपये टोकन देऊन झालं आहे. एजंट म्हणतो, पुढची काही रक्कम इथेच रुपयांत दिलीत तरी चालेल. मी आडवी येते म्हणून घरात धुसफुस चालू आहे. मी उगाच घाबरते आहे का?
– एक वाचक, ठाणे

नमस्कार.

नाही, उगाच नाही. "युरोपात कागद स्वच्छ असतात" हे यजमानांचं वाक्य जर्मनीबद्दल असतं तर मी फार बोलले नसते. अल्बानियाबद्दल ते खरं नाही. जमिनीच्या मालकीचा जेवढा गुंता त्या देशात आहे, तेवढा युरोपात फार थोड्या ठिकाणी सापडेल. कोकणातल्या भावकीला कंटाळून माणूस तिथे जायला निघाला असेल, तर तो आगीतून फुफाट्यात चालला आहे.

कारण समजून घ्या, म्हणजे पुढे कोणता कागद का मागायचा ते आपोआप कळेल. १९४५ मध्ये तिथे साम्यवाद्यांनी जमीनसुधारणा केली, मोठ्या जमीनदारांच्या जमिनी काढून घेतल्या. पुढे साम्यवादी हुकूमशहा एन्व्हर होजाच्या राजवटीत सगळी शेती सहकारी आणि सरकारी झाली, आणि १९७६ च्या राज्यघटनेनंतर जमिनीवर खासगी मालकी अशी उरलीच नाही. राजवट कोसळल्यावर १९९१ मध्ये ७५०१ क्रमांकाचा कायदा आला आणि सहकारी शेतांवर राबणाऱ्या कुटुंबांना ती जमीन वाटून दिली. म्हणजे आपल्या कूळकायद्यासारखंच, कसेल त्याची जमीन. पण त्यापाठोपाठ १९९३ मध्ये जुन्या मालकांना मिळकत परत देण्याचा किंवा भरपाईचा कायदाही केला. एकाच तुकड्यावर एकाच्या हातात आजोबांचा दस्त आणि दुसऱ्याच्या हातात सरकारी वाटपाचा कागद, असे वाद त्यातून जे सुरू झाले ते कित्येक ठिकाणी अजून मिटलेले नाहीत. जुन्या मालकांची प्रकरणं इतकी तुंबली की २०१२ मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने अल्बानिया सरकारला, हा निवाड्याचा घोळ व्यवस्थेचाच दोष आहे, तो मुळापासून सुधारा, असं बजावलं.

त्यात भर म्हणून नव्वदच्या दशकात डोंगराळ भागातली माणसं मोठ्या संख्येने किनाऱ्याकडे आणि राजधानी तिरानाकडे उतरली आणि मिळेल तिथे, परवान्याशिवाय बांधत सुटली. मग २००६ पासून ही बांधकामं नियमित करायची मोहीम. अर्ज लाखांच्या घरात गेले. आपल्याकडच्या गुंठेवारीचा अनुभव असलेल्यांना ही गोष्ट नव्याने सांगायला नको.

किनाऱ्यावर याचं काय झालं त्याची दोन उदाहरणं देते. दक्षिण किनाऱ्यावरच्या हिमाराजवळ याल नावाचं छोटं गाव आहे. एप्रिल २००७ मध्ये तिथली घरं बेकायदा ठरवून पाडली गेली. किनारपट्टीच्या त्या प्रकल्पाला जागतिक बँकेचा पैसा होता. गावकऱ्यांनी तक्रार केली, बँकेच्याच तपासणी मंडळाने चौकशी केली आणि बँकेवर नामुष्कीची वेळ आली; पण म्हणून पडलेली घरं काही उभी राहिली नाहीत. दुसरं उदाहरण तुमच्या फ्लॅटच्या जवळचं. सारांद्याच्या दक्षिणेला क्सामिल आहे, तुमच्या लेकीच्या फोटोत ते निळंशार पाणी बहुतेक तिथलंच असणार. तिथे २०१० च्या सुमारास बेकायदा इमारतींचे नुसते खांब तोडले. तळमजला चेपला गेला, वरचे मजले तसेच तिरपे होऊन बसले आणि वर्षानुवर्षं तसेच राहिले. त्यांच्या पलीकडे पर्यटक छत्र्यांखाली पोहायच्या कपड्यांत बसलेले. त्या तिरप्या घरांतलं एखादं कुणी तरी परदेशातल्या कमाईतूनच बांधलं असणार.

एवढं सांगूनही, अल्बानिया म्हणजे फसवणुकीचाच धंदा, असं मी म्हणणार नाही. देश खरंच पुढे चालला आहे. २०२३ मध्ये तिथे १ कोटीहून जास्त परदेशी लोक येऊन गेले, आणि देशाची स्वतःची लोकसंख्या त्याच वर्षीच्या जनगणनेत २४ लाख भरली. २००९ पासून तो नाटोत आहे. युरोपीय संघाशी वाटाघाटी २०२२ मध्ये सुरू झाल्या आणि २०३० पर्यंत आत शिरायचं असं सरकार म्हणतं. काळ्या पैशावर नजर ठेवणाऱ्या एफएटीएफच्या करड्या यादीतून तो २०२३ मध्ये बाहेर पडला. लोगाराच्या घाटाखालचा बोगदा २०२४ मध्ये खुला झाल्यापासून व्लोरा या बंदराच्या शहरातून दक्षिण किनारा जवळ आला. जमिनीच्या नोंदी आणि नियमित करण्याची प्रकरणं हे सगळं २०१९ मध्ये राज्य कॅडस्टर (भूमी अभिलेख) संस्थेच्या एका छत्राखाली आणलं आहे. लोक मात्र त्या कार्यालयाला अजूनही जुन्या सवयीने 'हिपोतेका'च म्हणतात. परदेशी माणसाला फ्लॅट घेता येतो आणि स्वतःच्या नावावर करता येतो. शेतजमीन घेता येत नाही, आणि आपल्याकडेही बिगरशेतकऱ्याला ती घेता येत नाही, तेव्हा त्यात नवल वाटायला नको.

तर देश नाही, तुमच्यापुढे आलेला हा विशिष्ट सौदा मला नको वाटतो. न उभी राहिलेली इमारत, हप्ते, भाड्याची हमी आणि इथेच रुपयांत भरणा. चारही गोष्टी एकाच सौद्यात आल्या आहेत.

इमारतीचं आधी बघू. तिथेही बिल्डर बहुतेक वेळा जमीन विकत घेत नाही. जमीनमालकाशी टक्केवारीने बोलणी होतात, इतके फ्लॅट तुझे, इतके माझे. आपल्याकडच्या जॉइंट डेव्हलपमेंटसारखंच. तुम्ही बुकिंग करता तेव्हा नोटरीपुढे 'सिपरमार्ये' नावाचा करार होतो. तो आहे बांधून देण्याचा करार. मालकी मिळते ती इमारत पुरी झाल्यावर, वापराचा दाखला आल्यावर, जमीनमालकाचा वाटा निघाल्यावर आणि तुमचा फ्लॅट स्वतंत्रपणे नोंदला गेल्यावर. मधल्या काळात जमीनमालकाचा चुलता उगवला तर सगळं ठप्प. दापोलीत तुम्हाला त्या भावकीतल्या माणसाचं नाव, घर आणि त्याचा चहाचा ठेला माहीत आहे. सारांद्यात तो कुठून उभा राहील हे तुम्हाला कळणारही नाही, आणि दावा चालेल तो अल्बानियन भाषेत. शिवाय, महारेराने आपल्याला एक सवय लावली आहे, ग्राहकांच्या पैशातला ७० टक्के भाग त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात राहतो. ही सवय सोबत घेऊन तिकडे जाऊ नका. करारात लिहिलेलं नसेल तर तसं काही नाही असंच धरायचं.

भाड्याची हमी. ७८,००० च्या ८ टक्क्यांनी वर्षाला ६,२४० युरो, तीन वर्षांचे १८,७२०. हे कुठून येणार? त्या गावाचा हंगाम जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. नोव्हेंबरात निम्म्या खानावळींची शटर खाली असतात. समजा हंगामात ७० रात्री भरल्या आणि सरासरी ७५ युरो मिळाले, तर ५,२५० होतात. त्यातून चावी सांभाळणाऱ्या एजन्सीचं वीसेक टक्के कमिशन, साफसफाई, वीज, सोसायटीचा खर्च आणि तिथला १५ टक्के भाडेकर वजा करा. हातात तीन-साडेतीन हजार राहिले तरी बरं. (आकडे मी अंदाजाने धरले आहेत, पण यजमानांनी स्वतःचे धरून पाहावेत, फार फरक पडणार नाही.) वरचे तीन हजार बिल्डर खिशातून देणार असेल, तर ते त्याने आधीच किमतीत धरले आहेत. ओळखायची युक्ती सोपी आहे: त्याच गल्लीतल्या, हमी नसलेल्या, बांधून झालेल्या फ्लॅटचा चौरस मीटरचा भाव विचारा. आणि हमी देणारी कंपनी बिल्डरचीच की वेगळी, तिच्या नावावर काय मालमत्ता आहे, हेही विचारा. हमखास परताव्याचं त्या देशाला भलतंच जुनं दुखणं आहे. १९९६ मध्ये तिथल्या पिरॅमिड योजना महिन्याला ८ टक्के आणि पुढे त्याहून कितीतरी जास्त देत होत्या. लोकांनी राहती घरं विकून पैसे घातले. १९९७ च्या सुरुवातीला सगळं कोसळलं, व्लोरात बंड पेटलं आणि ते निवळेपर्यंत दोन हजारांच्या आसपास माणसं मेली. तुमच्या बिल्डरची गोष्ट तशी आहे असं मी म्हणत नाही. पण तिथला एखादा म्हातारा नोटरी 'गॅरंटी' हा शब्द ऐकून भुवया का उंचावतो, ते यातून कळतं.

आता पैसे पाठवण्याचं, कारण यात तुम्ही दोघं कायद्याच्या कचाट्यात सापडू शकता. निवासी भारतीयाला एलआरएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली, आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, त्यात घर घेणं बसतं. पण पैसा बँकेतूनच गेला पाहिजे. एजंटाला इथे रुपये द्यायचे आणि त्याने तिकडे परस्पर भरायचे, याला व्यवहारात हवाला म्हणतात आणि फेमाचा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याचा, तो सरळ भंग आहे. 'थोडी रक्कम' म्हणून तो लहान होत नाही. वर, तेवढ्या रकमेचा कुठेच पुरावा नसल्यामुळे उद्या फ्लॅट विकताना खरेदीची किंमत कमी दिसेल, नफा जास्त दिसेल आणि कर तुमच्याच माथी बसेल.

वर्षाला १० लाखांपुढच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, घेते. हिशोबाला सोपं म्हणून युरो १०० रुपये धरू. पहिले ३० टक्के म्हणजे २३ लाख ४० हजार. एकाच्याच खात्यातून गेले तर २ लाख ६८ हजार टीसीएस. तो बुडत नाही, विवरणपत्रात वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर अडकतो. रक्कम दोघांच्या खात्यांतून गेली तर १० लाखांची मुभा दोघांना स्वतंत्र मिळते. मात्र मग खरेदीतही दोघांची नावं हवीत. या रकमेसाठी भारतातली बँक कर्ज देणार नाही. पैसे आधी पाठवून तिथल्या खात्यात निवांत ठेवू म्हणाल तर तेही नाही. वापरले नाहीत तर १८० दिवसांत परत आणावे लागतात. आणि हप्त्यांचा करार सहीआधी बँकेच्या परकीय चलन विभागाला दाखवा. परदेशी बिल्डरचे थकलेले हप्ते ही एका परीने परदेशातली उधारीच, आणि ती फेमाला सरसकट चालत नाही.

दापोलीचा प्लॉट विकून घर घेतलं की नफ्यावरचा कर वाचतो, असं यजमानांच्या मनात असेल तर तेही काढून टाका. ती सवलत फक्त भारतातल्या घरासाठी आहे, २०१४ च्या अर्थसंकल्पापासून तसं स्पष्ट केलं आहे. तुमचा प्लॉट जुलै २०२४ च्या आधीचा असल्याने महागाई निर्देशांक लावून २० टक्के किंवा तो न लावता साडेबारा टक्के, यातलं जे कमी ते भरावं लागेल. वादातला प्लॉट घाईने विकायला काढला की गिऱ्हाईक भाव पाडतं, हे मी सांगायला नको. आधी मोजणी करून हद्द कायम करून घ्या. त्यानंतर विकायचा की ठेवायचा ते ठरवा. तोपर्यंत सारांदा कुठे पळून जात नाही.

फ्लॅट घेतलाच, तर दरवर्षीच्या विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात तो दाखवावा लागेल, भाडं आलं नाही तरी. विसरलात तर काळ्या पैशाच्या २०१५ च्या कायद्याखाली १० लाखांच्या दंडाची वेळ येऊ शकते. भाड्यावर इथेही कर आहे, पण अल्बानियाशी दुहेरी कर टाळण्याचा करार असल्यामुळे तिथे भरलेला कर वजा मिळतो.

व्हिसाचं प्रदर्शनात काय सांगितलं असेल याची मला कल्पना आहे. अल्बानिया शेंगेनमध्ये, म्हणजे एका व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. तिथल्या फ्लॅटमुळे श्टुटगार्टला लेकीकडे जायचा दरवाजा उघडत नाही. उलटं मात्र चालतं: अनेकवेळा प्रवेशाचा, एकदा वापरलेला शेंगेन व्हिसा हातात असेल तर अल्बानियात वेगळ्या व्हिसाशिवाय जाता येतं, आणि तिथे काढलेले दिवस शेंगेनच्या ९० दिवसांत मोजले जात नाहीत. लेकीकडे तीन महिने आणि मग उरलेला उन्हाळा अल्बानियात, असा बेत बसू शकतो. त्यासाठी फ्लॅट विकत घ्यायची गरज नाही, भाड्याने भरपूर मिळतात.

खरं तर तेच करा, पण उन्हाळ्यात नाही. फेब्रुवारीत जा. समोर ग्रीसचं कोर्फू बेट आहे, तिथून वेगवान बोटीने पाऊण तासाच्या आतच सारांदा येतं. गाव खाडीभोवती टेकडीवर चढत गेलं आहे. 'समुद्रापासून २०० मीटर' याचा अर्थ तिथे पुष्कळदा दोन-तीनशे पायऱ्या असा होतो, आणि साठीला टेकलेल्या गुडघ्यांना तो फरक कळतो. बाल्कनीसमोरचा प्लॉट मोकळा आहे का ते बघा. असेल तर तो तसा राहणार नाही, आणि तुम्ही पैसे मोजलेलं समुद्राचं दृश्य पुढच्या बिल्डरच्या मागच्या भिंतीत जाईल. नळाला पाणी किती तास येतं ते शेजाऱ्यांना विचारा, ऑगस्टात किती तास येतं हेही विचारा. इमारत कोणत्या वर्षीची आहे ते विचारा. २६ नोव्हेंबर २०१९ च्या ६.४ रिश्टरच्या भूकंपात ५१ माणसं गेली आणि उत्तरेकडच्या दुर्रसला किनाऱ्यावरची हॉटेलं बसली. समुद्राच्या वाळूवर काय उभं राहतं आणि कसं, हा प्रश्न तिथे आता इंजिनिअरलाच विचारायचा आहे.

हे सगळं करूनही यजमानांचं मन तिथेच असेल, तर मग बांधून झालेला, वापरात असलेला, विकणाऱ्याच्या स्वतःच्या नावावर नोंदलेला फ्लॅट बघा. मालकीचा दाखला आणि त्यासोबतची 'कार्तेला' मागा. मिळकतीचा नकाशा, बोजा, गहाण, कज्जा, सगळं त्यावर येतं. आपला सातबारा आणि इतर हक्कांचा रकाना एकत्र धरा. प्रत नवी हवी, विकणाऱ्याने ड्रॉवरमधून काढलेली नको. इमारत नियमित केलेली असेल तर त्याचा दाखला आणि इमारतीखालच्या जमिनीचा वाद मिटल्याचा कागद वेगळा मागा. वकील तुमचा हवा, फी तुम्ही देणार, एजंटाने 'आमचे नेहमीचे' म्हणून पुढे केलेला चालणार नाही. तिथे विक्रीची रक्कम नोटरीच्या वेगळ्या खात्यात ठेवून, तुमचं नाव चढल्यावरच विकणाऱ्याला सोडण्याची सोय आहे, ती वापरा. मुखत्यारपत्र दिलंत तर फक्त त्याच फ्लॅटपुरतं आणि मुदतीचं द्या. स्थावराचा वारसा साधारणपणे तिथल्याच कायद्याने ठरतो, त्यामुळे लेकीचं नाव पहिल्याच दिवशी घालायचं का, हेही त्या वकिलाला विचारून घ्या.

राहिलं टोकन. ५०,००० कुणाच्या खात्यात गेले ते आज पासबुकात बघा. एजंटाला फोन करू नका, ईमेल करा, म्हणजे लेखी राहील. चार गोष्टी मागा: बांधकाम परवान्याची प्रत, जमिनीची कार्तेला, जमीनमालक आणि बिल्डर यांच्यातला करार, आणि भाड्याची हमी देणाऱ्या कंपनीचं नोंदणीपत्र. सोबत हेही लिहा की इथून पुढे एक रुपयाही रुपयांत देणार नाही, आणि पंधरा दिवसांत कागद आले नाहीत तर टोकन परत हवं. कागद आले तर मला कळवा, पुढचं बोलू. उत्तर म्हणून 'मॅडम, स्कीम शुक्रवारी बंद होते आहे' एवढाच फोन आला, तर तो स्पीकरवर लावा आणि यजमानांना ऐकू द्या.